बेणं, फुटवा आणि आपली लेकरं



दर अंकात या पानावर मी तुम्हाला बेणे बदला, बेसल डोस चुकवू नका, पाचट जाळू नका असे सांगत असतो. "साहेबांचं पुन्हा तेच" म्हणून पान उलटणारेही आहेत, हे मला ठाऊक आहे. या वेळी मात्र पान उलटू नका. विषय फडातला नाही, घरातल्या पाळण्यातला आहे.

झाले असे, की गट ऑफिसला लागणीच्या नोंदी चालू होत्या. आमचे एक जुने सभासद पेढ्यांचा पुडा घेऊन आले. नातू झाला होता. सगळ्यांना पेढा दिला, पण चेहरा काही खुलेना. विचारले तर म्हणाले, "काय सांगू साहेब, पोरगं दोन किलो शंभरच भरलं. आमच्या घरात तिघं जण लाल मातीत उतरलेले. थोरल्यानं तर जत्रंतली शेवटची कुस्ती मारलेली. आन् हे एवढुसं! ह्याच्या मनगटात जोर यायचा कधी?" शेजारी बसलेले एक जण बोलून गेले, "बेणंच हलकं असलं की..." आणि आबांच्या तोंडाकडे बघून तिथेच थांबले. पण बोलायचे ते बोलून झाले होते. रोख कुणाकडे होता, तो सगळ्यांना कळला. रोख त्या बाळंतिणीकडे होता.

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. मी कृषी पदविका घेतलेला माणूस, डॉक्टर नव्हे. मग मिळेल ते वाचले, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दोन-तीनदा जाऊन विचारले, आणि जे समजले ते आबांसाठी आणि तुम्हा सर्वांसाठी इथे लिहितो आहे. त्यात माझ्या घरचाही एक हिशेब आहे. तो मध्येच सांगेन.

अडीच किलोची रेघ

जन्मताना बाळाचे वजन अडीच किलोच्या आत असले, तर ते 'कमी वजनाचे बाळ' असे जगभर धरतात. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ज्या बाळांच्या वजनाची नोंद होती त्यांत शंभरात सुमारे अठरा बाळे या रेघेच्या खाली होती. म्हणजे आबांचा नातू काही एकटा नाही. आपल्या प्रत्येक गल्लीत असे एक तरी लेकरू आहे.

वजन कमी भरण्याची कारणे मुख्यतः दोन. एक, बाळ दिवस भरण्याआधीच आले. दोन, दिवस भरले, पण पोटात त्याला पुरेसे पोषण पोचले नाही. दोन्ही बाळांची काळजी वेगवेगळी घ्यावी लागते. म्हणून नुसते वजन सांगून भागत नाही, कितव्या आठवड्यात जन्म झाला तेही डॉक्टरांना सांगावे लागते. उसाचे टनेज सांगताना तो आडसाली का सुरू हे सांगावे लागते, तसेच हे.

मनगटाचा जोर मोजला तर

आता आबांचा मुख्य प्रश्न. जन्माच्या वजनाचा पुढच्या ताकदीशी संबंध आहे का? आहे. तो नुसता बोलण्यातला नाही, मोजलेला आहे.

हाताच्या पंजाची पकड मोजायचे एक साधे यंत्र असते. मूठ आवळली की किती किलोचा जोर लागला ते काट्यावर दिसते. निरनिराळ्या देशांत लहान मुलांपासून वयस्कांपर्यंत हजारो लोकांची अशी पकड मोजली आणि त्यांच्या जन्माच्या वजनाच्या नोंदीशी ताडून पाहिली. २०१२ साली या सगळ्या अभ्यासांची एकत्र बेरीज मांडली गेली. तीत असे दिसले, की जन्माचे वजन एक किलोने जास्त असेल तर पुढे पकडीचा जोर सरासरी ०.८६ किलोने जास्त भरतो. वय आणि उंचीचा फरक वजा करूनही हा फरक उरतो.

दमाचेही तसेच. स्वीडनमध्ये लष्करी भरतीच्या वेळी तरुणांना जागेवरच्या सायकलीवर बसवून दम निघेपर्यंत पेडल मारायला लावत. अशा २,८६,७६१ तरुणांच्या नोंदी त्यांच्या जन्माच्या नोंदींशी जुळवून २०२० साली निष्कर्ष जाहीर झाला. दिवस भरून जन्मलेल्यांत जन्माचे वजन ४५० ग्रॅमने जास्त असेल, तर सायकलीवरची कमाल क्षमता सरासरी ७.९ वॅटने जास्त आढळली.

आपल्याकडेही हे पाहिले गेले आहे. म्हैसूरच्या एका रुग्णालयात १९९७-९८ च्या सुमारास जन्मलेल्या मुलांची नऊ वर्षांची झाल्यावर पकड मोजली. तिथेही जन्माला वजनदार असलेल्या मुलांचा पंजा जास्त जोरकस निघाला. मात्र त्यातला बराचसा फरक मुलाची उंची आणि दंडाचा स्नायू किती वाढला यातून आलेला होता. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण आशेची जागा तिथेच आहे.

आता हे आकडे नीट वाचा. एक किलोचा फरक हा बाळाच्या बाबतीत फार मोठा फरक आहे. दोन किलोचे बाळ आणि तीन किलोचे बाळ शेजारी ठेवले, तर दुसरे दीडपट दिसते. आणि त्यातून पुढे पकडीत पडणारा फरक सरासरी किलोभराचासुद्धा नाही. शिवाय ही सरासरी आहे. सरासरी म्हणजे कुणा एकाच्या कपाळावरची रेघ नव्हे. आपल्या कारखान्याचा सरासरी एकरी उतारा एक असतो आणि बांधाला बांध असलेल्या दोन शेतांत वीस-वीस टनांचा फरक असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

फुटवे आणि स्नायूंचे धागे

हा संबंध येतो कुठून? डॉक्टरांनी मला समजावून सांगितले ते मला आपल्या भाषेत पटकन कळले.

उसात फुटव्यांची संख्या पहिल्या चार महिन्यांत ठरते. त्या काळात पाणी तुटले, खत चुकले, तण माजले, तर फुटवे कमी पडतात. पुढे कितीही खत ओतले तरी नवे गाळपालायक ऊस येत नाहीत. असतील तेवढेच जाड आणि उंच होतात.

माणसाचा स्नायू म्हणजे बारीक धाग्यांची मोळी. त्या धाग्यांची संख्या बहुतांशी जन्माच्या सुमारास ठरून गेलेली असते. पुढे खाण्याने आणि कसरतीने धागे जाड होतात, त्यांच्यात बळ येते, पण संख्येत फारशी भर पडत नाही. पोटात असताना पोषण कमी पडले, तर शरीर काटकसर करते. पाटाला पाणी थोडे असले की आपण आधी रोपे जगवतो, बाकीचे रान मागे ठेवतो. तसे ते बाळ मेंदूला आधी देते आणि स्नायूंचे मागे ठेवते.

इथपर्यंत उसाचा दाखला चालतो. पुढे चालत नाही. हलके बेणे आपण बांधावर टाकून देतो. लेकरू टाकता येत नाही. आणि उसाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचा दम वाढवता येत नाही, लेकराला येतो. म्हणून गट ऑफिसमध्ये जे "बेणंच हलकं" म्हणाले, त्यांना एक ऊस अधिकारी म्हणूनच सांगतो, की तुमचा दाखला अर्धाच आहे. शिवाय बेणे हलके निघाले तर आपण बेण्याला शिव्या देत नाही. बेणे प्लॉटला खत-पाणी कुणी घातले नाही, ते विचारतो.

पुण्याजवळची सहा गावे

ते खत-पाणी कोणते, याचा सगळ्यात जवळचा अभ्यास आपल्याच मुलखातला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत काम सुरू केले. बायकांना दिवस जाण्याच्या आधीपासून त्यांचे वजन, उंची, खाणे, काम यांची नोंद ठेवली. गर्भारपणात पुन्हा नोंद, बाळ झाल्यावर बाळाची नोंद, आणि मग त्या मुलांची पुढे सहाव्या, बाराव्या, अठराव्या वर्षी तपासणी. आपल्या माहितीतली पिके आणि आपल्यासारखीच घरे.

त्या आयांचे दिवस जाण्याआधीचे सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास, उंची पाच फुटांच्या थोडी आतच. बाळांचे सरासरी वजन पावणेतीन किलोच्या किंचित खाली. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टन गावच्या बाळांशी तुलना केली, तर ती साडेतीन किलोची.

या अभ्यासातून शेतकऱ्याच्या घराने घ्याव्यात अशा तीन गोष्टी निघाल्या.

पहिली खाण्याची. पोट भरण्यापुरती भाकरी सगळ्याच जणी खात होत्या. नुसती भाकरी दोन घास जास्त की कमी, यावर बाळाचे वजन फारसे ठरत नव्हते. पण ज्या बायकांच्या ताटात हिरवी पालेभाजी, फळे आणि दूध वरचेवर होते, त्यांची बाळे अंगाने भरलेली निघाली. नत्र, स्फुरद, पालाश घातले, पण जस्त-लोह कमी पडले की पान पिवळे पडते, हे आपण शेतात बघतोच.

दुसरी कामाची. विहिरीचे पाणी ओढणे, धुणे, शेतातले जड काम हे जिच्या वाट्याला जास्त, तिच्या बाळाचे वजन कमी. हा हिशेब पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी मांडला.

तिसरी गोष्ट सगळ्यात चमत्कारिक. आपली बाळे वजनाने हलकी, हातापायाने बारीक, पण पाठीवरची कातडीखालची चरबी मोजली तर ती त्या मानाने कमी नव्हती. म्हणजे कमी होता तो स्नायू. दिसायला किडकिडीत, आतून चरबी. याज्ञिकांनी पुढे २००४ साली स्वतःचा आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो एका वैद्यकीय नियतकालिकात शेजारी-शेजारी छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे, बीएमआय २२.३. पण यंत्राने शरीरातली चरबी मोजली तर साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. ते नियतकालिक कुणी मला दाखवले तेव्हा मी नकळत आपल्याच पोटाकडे बघितले.

माझ्या घरचा हिशेब

आता कबूल केले होते ते सांगतो.

२०११ सालची गोष्ट. गळीत हंगाम ऐन भरात होता. मी पहाटे पाचला मोटरसायकल काढायचा, रात्री नऊ-दहाला परत. घरी मंडळींना सातवा महिना. तेव्हा आम्ही भाड्याच्या खोलीत होतो. पाणी खाली, खोली वर. सकाळ-संध्याकाळ बारा-पंधरा घागरी ती वर नेत होती. म्हशीचे दूध शेजारी मिळत होते, पण "एवढं कशाला, चहापुरतं घ्या" असे मीच म्हणालो होतो. त्याच दिवसांत माझ्याकडे पायाभूत बेण्याचा एक एकराचा प्लॉट होता. त्याला पाणी किती तारखेला दिले, खताचा जादा हप्ता कधी टाकला, सगळे माझ्या वहीत होते. घरातली एक नोंद माझ्या वहीत नव्हती.

मुलगी झाली. दिवस भरलेले होते. वजन एक किलो नऊशे पन्नास ग्रॅम. परिचारिकेने कापडात गुंडाळून हातात दिली तेव्हा हातात काही असल्यासारखे वाटेना. आमच्या आई म्हणाल्या, "बाईचं जातच कमी खातं." मी काही बोललो नाही. त्या न बोलण्याची मला आजही लाज वाटते, कारण कोण कमी खात होते आणि का, ते मला माहीत होते.

पोरगी जगली, वाढली. चौथीत शाळेत शारीरिक क्षमतेच्या चाचण्या झाल्या. सहाशे मीटर धावण्यात ती वर्गात शेवटची आली. शेवटचे शंभर मीटर चालतच आली. घरी येऊन म्हणाली, "पप्पा, मला दम पुरत नाही." मी त्या वेळी तिला बदाम आणि तुपाचे लाडू चालू केले. सहा महिन्यांत वजन वाढले. दम वाढला नाही. पोट तेवढे सुटले.

वजन वाढले म्हणजे ताकद वाढली, असे नाही

माझी चूक कुठे झाली, ते दिल्लीतल्या एका अभ्यासाने मला दाखवले. १९६९ ते १९७२ या काळात दिल्लीत जन्मलेल्या मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदी लहानपणापासून ठेवल्या होत्या. ती मुले तिशीला आल्यावर पुन्हा तपासली. असे दिसले, की पोटात असताना आणि पहिल्या एक-दोन वर्षांत जे वजन वाढले, त्याचा स्नायू अधिक झाला. त्यानंतर उशिरा, भराभर जे वजन वाढले, त्याची चरबी अधिक झाली. लहानपणी बारीक आणि मग झपाट्याने गुबगुबीत झालेल्यांमध्येच मधुमेहाचे प्रमाण जास्त निघाले.

म्हणजे पहिल्या दोन वर्षांचे खत ते खत. पुढे युरियाचे पोते ओतले, तर पाला माजतो आणि ऊस लोळतो.

मग मोठ्या झालेल्या लेकराचे काय? त्याला वाट आहे आणि ती ताटातून कमी, मैदानातून जास्त जाते. फिनलंडमध्ये अंगाने लहान जन्मलेल्या लोकांचा उतारवयात अभ्यास झाला. त्यांच्यातले जे नियमित व्यायाम करत होते, त्यांना रक्तातल्या साखरेचा त्रास पुष्कळ कमी होता. व्यायामाचा फायदा इतरांपेक्षा या हलक्या जन्मलेल्यांनाच जास्त झाल्याचे दिसले. धागे कमी असतील, पण असलेले धागे जाड करणे आपल्या हातात आहे.

आमच्या मुलीला पाचवीत खो-खोला घातले. बाईंनी पहिल्या वर्षी तिला राखीवच ठेवले. रोज संध्याकाळी तासभर धावणे, घरी डाळ, अंडे, ताक, पालेभाजी. लाडू बंद. आता ती नववीत आहे. उंचीने अजून वर्गात पुढच्या रांगेतलीच आहे. जिल्ह्याला काही गेली नाही. पण सहाशे मीटर थांबल्याशिवाय पळते आणि माझ्याबरोबर शिवार फेरीला आली की बांधावर मी मागे राहतो. मला तेवढे पुरे आहे.

मग करायचे काय?

सभासदांच्या सोयीसाठी मुद्दे क्रमाने देतो. कापून भिंतीला लावले तरी चालतील.

१. सुरुवात मुलीपासून करा. अठराच्या आत लग्न नको. वयात आलेल्या मुलीचे रक्त तपासा. शाळेत लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या ती खाते की दप्तरात ठेवते ते बघा.

२. दिवस गेले की पहिल्या तीन महिन्यांतच आशाताई किंवा उपकेंद्रात नोंद करा. उसाची नोंद एक आठवडा लांबली तर तुम्ही माझ्या टेबलाशी भांडता. तीच घाई इथे दाखवा. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. ते पैसे आईच्या खाण्याचे आहेत, डिझेलचे नव्हेत.

३. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या १८० दिवस चुकवू नका. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे, विशेषतः माळकरी घरांत, खूप आढळते. पुण्याच्या त्या गावांतही बहुतेक आयांमध्ये ती होती. ब-१२ दूध-दह्यात, अंड्यात, मासे-मटणात असते. भाजीपाल्यात नसते. डॉक्टरांना त्याबद्दल मुद्दाम विचारा.

४. दुधाचा कॅन डेअरीला जाण्याआधी गरोदर बाईचा तांब्या बाजूला काढा. मेथी, शेपू, चाकवत, तांदळी, शेवग्याचा पाला रानात आहे. पेरू, केळी, चिंच-आवळा दारात आहेत. बेणे प्लॉटला जादा खत देणारे आपण, घरच्या गरोदर सुनेला मात्र सगळ्यांच्या मागून, उरलेल्यावर जेवायला बसवतो. ती पहिल्या पंगतीला बसली पाहिजे.

५. "कमी खाल्लं की बाळ लहान राहतं आणि सुटका सोपी होते" असे जुन्या बायका सांगतात. त्यांच्या काळी दवाखाना लांब होता, म्हणून ती भीती होती. आज ही समजूत बाळाच्या ताकदीवर उठते. उलट, बाळ फार मोठे, चार किलोच्या वर असणेही चांगले नाही. ते आईच्या रक्तातली साखर वाढल्याचे लक्षण असू शकते. म्हणून साखरेची तपासणी करून घ्या.

६. मिश्री बंद. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मिश्रीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी निघाले आणि बाळे सरासरी सहा दिवस आधी जन्मली. फुकट मिळणारे १०५ ग्रॅम आहेत हे. डबी चुलीत टाका.

७. सहाव्या महिन्यापासून घागर, वैरणीचा भारा, पोती बंद. दुपारी दोन तास आडवे पडणे हे आळसाचे नव्हे, बाळाच्या वाढीचे काम आहे.

८. बाळ कमी वजनाचे झालेच, तर घाबरू नका आणि नशिबावरही सोडू नका. आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ऊब द्या, पहिले पिवळे दूध पाजा, सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्या. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत गावच्याच शिकवलेल्या बायकांकरवी नवजात बाळांची घरोघर काळजी घेतली आणि नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आणले. मोठी यंत्रे नव्हती. वजनकाटा, ऊब आणि नजर होती.

९. दोन वर्षे पुरी होईपर्यंत अंगणवाडीत दर महिन्याला वजन करा आणि कार्ड जपून ठेवा. इंग्लंडात हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून दाया-परिचारिकांनी बाळांची जन्मवजने वहीत लिहून ठेवली होती. त्या वह्या पुढे डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती लागल्या आणि १९८९ साली जगाला कळले, की हलक्या जन्मलेल्या पुरुषांना पुढे हृदयविकाराने मरण जास्त येते. हे सगळे शास्त्र उभे राहिले ते कुणीतरी नोंद ठेवली म्हणून.

१०. पोर चालायला लागले की पळू द्या, झाडावर चढू द्या. बिस्किटाचा पुडा आणि मोबाईल हातात देऊन गप्प बसवू नका. आणि साखर बेतानेच द्या. साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहिताना माझा हात थोडा अडखळला. पण साखर विकायला पिकवायची आहे, पोराच्या पोटात कोंबायला नव्हे.

फडातली माउली

शेवटचा मुद्दा अवघड आहे, पण तो टाळून हा लेख पुरा होणार नाही.

आपण आपल्या सुनेला घागर उचलू देणार नाही, असे धरून चालू. पण आपल्या फडात तोडीला आलेल्या टोळीत एखादी सात-आठ महिन्यांची गरोदर बाई तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते, ती आपण बांधावर उभे राहून बघतो. मीही बघितली आहे. कार्यक्रम माझा, चिठ्ठी माझी, गाडी वेळेत भरली पाहिजे म्हणून ओरडणाराही मीच. पुण्याजवळच्या गावांत नुसत्या पाणी-धुण्याच्या कष्टाने बाळांची वजने उतरलेली दिसली. मग या कष्टाने काय होत असेल, ते सांगायला वेगळा अभ्यास नको. आणि त्या बाळाची ताकद म्हणजेच त्याचे पोट. त्याला पुढे जमिनीचा आधार नाही, पंजाचाच आहे.

सभासदांना माझी विनंती आहे. आपल्या फडात गरोदर बाई असेल, तर मुकादमाला सांगा, की तिने मोळी वाहायची नाही, वाढे बांधायचे हलके काम करायचे. ती एखाद्या दिवशी दवाखान्यात गेली तर खाड्याचे पैसे कापू नका, असा आग्रह धरा. तिची नोंद गावच्या आशाताईकडे करून द्या. परगावची असली तरी अंगणवाडीचा आहार आणि तपासणी तिला मिळते. तोड चालू असेपर्यंत घरचे तांब्याभर दूध तिला द्या. गाडी अर्धा तास उशिरा भरली तर मी चिठ्ठीवर शेरा मारणार नाही, हा माझा शब्द. माझ्या गटातल्या चिटबॉयना तसे सांगितलेही आहे.

परवा आबांच्या वस्तीवर गेलो होतो. नातू अडीच महिन्यांचा झाला आहे. आशाताईच्या झोळीकाट्यात घातला, तीन किलो नऊशे भरला. आबांनी त्याच्या मुठीत आपले बोट दिले आणि म्हणाले, "बघा, सोडतंय का!" सून ओसरीवर बसून भाकरी आणि मेथीची भाजी खात होती. पुरुषमंडळी अजून जेवायची होती. मी काही बोललो नाही, पण ते बघून बरे वाटले.

आडसाली लागणीच्या नोंदीसाठी गट ऑफिसला याल, तेव्हा घरात कुणी गरोदर असेल तर तेही सांगा. माझ्या वहीत मी आता एक वेगळे पान ठेवले आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी